मार्शल डीएसएल२० आणि ब्रिजवरचे तीन हमबकर

मार्शलचा डीएसएल२०सीआर हा व्हॉल्व ॲम्प, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारा ॲम्प्लिफायर, माझ्याकडे तीन वर्षांपासून आहे आणि या काळात माझ्या एपिफोन लेस पॉल गिटारच्या ब्रिजवर, म्हणजे तारा जिथे टेकतात त्या टोकाजवळ, तीन हमबकर बसून झाले. हमबकर म्हणजे दोन वेटोळ्यांचा पिकअप, आणि पिकअप म्हणजे तारांचे कंपन विजेच्या संकेतात बदलणारा भाग. पहिला गिटारसोबत कारखान्यातूनच आलेला प्रोबकर, दुसरा सेमूर डंकनचा जेबी म्हणजे एसएच-४, आणि तिसरा त्याच कंपनीचा फिफ्टीनाइन म्हणजे एसएच-१. शेवटचा अजून तिथेच आहे आणि आता तो काढण्याचा विचार नाही. रॉकसाठी पिकअप निवडताना बहुतेक वादक जी चूक करतात तीच मी जेबी घेताना केली होती, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहितो आहे. माझे परीक्षण सुट्या पिकअपचे नाही आणि सुट्या ॲम्पचेही नाही. ते या जोडीचे आहे, कारण पिकअप निम्मे वाद्य असतो आणि उरलेले निम्मे त्याच्या समोरच्या व्हॉल्वमध्ये असते.

आधी ॲम्पविषयी. डीएसएल२० मध्ये शेवटच्या टप्प्याला दोन ईएल३४ व्हॉल्व आहेत आणि आधीच्या टप्प्यांना ईसीसी८३. मार्शलच्या जुन्या पन्नास वॉटच्या हेडमध्ये (स्पीकर वेगळा असलेल्या ॲम्पमध्ये) याच दोन ईएल३४ कडून पन्नास वॉट काढले जात. इथे त्यांच्याकडून २० वॉट घेतले आहेत आणि एक स्विच दाबला की १० वॉट. स्पीकर बारा इंची सेलेस्टियन सेव्हंटी-८० आहे. दोन चॅनेल आहेत, क्लासिक गेन आणि अल्ट्रा गेन; गेन म्हणजे आधीच्या टप्प्यांत संकेत किती वाढवायचा ते. बास, मिडल आणि ट्रेबल ही नेहमीची तीन नॉब दोन्ही चॅनेलना सामाईक आहेत, त्यांच्या जोडीला वरच्या स्वरांसाठी प्रेझेन्स आणि तळाच्या स्वरांसाठी रेझोनन्स, आणि एक टोन शिफ्ट नावाचे बटण, जे मधले स्वर खरवडून काढते आणि जे मी पहिल्या आठवड्यानंतर पुन्हा दाबले नाही. ईएल३४ ची खासियतच मधल्या स्वरांमध्ये आहे. ड्रम आणि बासच्या गर्दीतून गिटार ऐकू येते ती याच पट्ट्यामुळे; तोच काढून टाकायचा असेल तर मार्शल घेण्याचे कारण उरत नाही.

क्लासिक गेन चॅनेलच्या नावावरून तो स्वच्छ आवाजाचा चॅनेल वाटतो, परंतु गेन चारपर्यंतच खऱ्या अर्थाने स्वच्छ आवाज मिळतो. सहाच्या पुढे तो खरखरू लागतो आणि आठवर पूर्ण क्रंच, म्हणजे खरखरीत फाटलेला आवाज, देतो. सत्तरच्या दशकातल्या रॉकचा आवाज ज्यांना हवा आहे त्यांच्यासाठी या ॲम्पचा प्राण या चॅनेलच्या सहा ते नऊ या भागात आहे. अल्ट्रा गेनमध्ये ऐंशीच्या आणि त्यापुढच्या काळातला घट्ट, लांब टिकणारा डिस्टॉर्शन आहे आणि तो इतका भरपूर आहे की तिथे मी गेन पाचच्या वर नेत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवावा, कारण पुढचे सगळे त्याच्यावर उभे आहे: या ॲम्पला गेनची कमतरता नाही.

जोरदार पिकअप का जन्माला आले, हे पाहिले की निवड सोपी होते. गिब्सनमध्ये सेथ लव्हर यांनी हमबकर तयार केला तो वीजपुरवठ्याची गुरगुर घालवण्यासाठी, आवाज वाढवण्यासाठी नव्हे. १९५५ साली पेटंटचा अर्ज झाला, १९५७ पासून गिटारवर ते पिकअप दिसू लागले आणि तळाला चिकटवलेल्या पट्टीवरच्या ‘पेटंट अप्लाइड फॉर’ या शब्दांमुळे त्यांना पीएएफ हे नाव पडले. त्यांचा रोध साधारण साडेसात ते नऊ किलोओमच्या घरात असे. जिम मार्शल यांच्या लंडनच्या दुकानातून १९६२ मध्ये जेटीएम४५ बाहेर पडला, तेव्हापासून पुढची बरीच वर्षे मार्शलना मास्टर व्हॉल्यूम, म्हणजे गेन तसाच ठेवून एकूण आवाज कमी करणारे नॉब, नव्हता. ॲम्प फुटायला, म्हणजे त्याचा आवाज फाटायला, हवा तर तो कान बधिर होईपर्यंत मोठा करावा लागे. अशा ॲम्पला पुढून धक्का देणारे काहीतरी हवे होते. १९७२ मध्ये लॅरी डिमार्झिओ यांनी सिरॅमिक चुंबकाचा सुपर डिस्टॉर्शन काढला तो नेमका याच गरजेपोटी. सेमूर डंकन यांनीही त्याच दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये असताना गिटारवादक जेफ बेक यांना दोन हमबकर बसवलेली टेलिकास्टर गिटार करून दिली, आणि जेबीची वंशावळ तिथपर्यंत नेली जाते. पुढे मास्टर व्हॉल्यूम आला, ॲम्पच्या आतच गेनचे टप्पे वाढले आणि धक्क्याची गरज कमी होत गेली. पिकअपची ख्याती मात्र मागच्या काळातलीच राहिली. आजचा वादक ‘रॉकसाठी जोरदार पिकअप’ असे समीकरण मनात ठेवून दुकानात जातो, तेव्हा तो ज्या ॲम्पसाठी खरेदी करतो तो ॲम्प बहुधा त्याच्या घरी नसतो.

मीही तेच केले. प्रोबकर वाईट नव्हता. त्यात अल्निको २ चुंबक आहे, आवाज मऊ आणि थोडा गोलसर. परंतु अल्ट्रा गेनवर खालच्या दोन तारांवर पॉवर कॉर्ड वाजवली की तळाचा भाग ढिला पडतो, पिठात पाणी जास्त झाल्यासारखा. मला घट्टपणा हवा होता आणि घट्टपणा म्हणजे जास्त ताकद असे मी गृहीत धरले. म्हणून जेबी घेतला.

जेबीचा रोध सुमारे १६ किलोओम आहे आणि चुंबक अल्निको ५. रोधाचा आकडा म्हणजे पिकअपची ताकद असे बाजारात सर्रास समजले जाते, ते अर्धवट खरे आहे. तो आकडा तारेची लांबी आणि जाडी सांगतो. तार अधिक बारीक वापरली तर वेटोळी न वाढवताही रोध वाढतो. जेबीच्या बाबतीत मात्र वेटोळी खरोखरच जास्त आहेत, त्यामुळे व्होल्टेज जास्त येते आणि इंडक्टन्सही, म्हणजे वेटोळ्याचा बदलत्या प्रवाहाला होणारा विरोधही, जास्त असतो. या इंडक्टन्सकडे फारसे कोणी पाहत नाही, पण कानाला ऐकू येणारा फरक त्यातूनच येतो. गिटारची सहा मीटरची केबल धरली तर तिची धारिता पाचसहाशे पिकोफॅरड सहज भरते. पिकअपचा इंडक्टन्स आणि ही धारिता मिळून एका ठरावीक वारंवारितेवर आवाजाला शिखर येते आणि त्यापुढे तो उतरत जातो. जेबीचे हे शिखर अशा केबलवर सव्वादोन ते अडीच हजार हर्ट्झच्या आसपास येते, तर फिफ्टीनाइनचे तीन हजारच्या जवळ. हे आकडे हिशोबाचे आहेत आणि केबल बदलली की तेही बदलतील. परंतु क्रम बदलत नाही, आणि कानानेही मला हाच क्रम दाखवला.

तुलना शक्य तेवढी प्रामाणिक राहावी म्हणून मी काही गोष्टी बांधून ठेवल्या होत्या. तारा प्रत्येक वेळी नव्या, दहा ते शेहेचाळीसच्या (जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत), केबल एकच, ॲम्प त्याच कोपऱ्यात, जमिनीपासून एका स्टुलावर, ध्वनिमुद्रणासाठी माइक स्पीकरच्या मध्यापासून थोडा बाजूला, आणि जिथे तो ठेवला तिथे फरशीवर खडूची खूण. वाजवायच्या गोष्टीही ठरलेल्या: खुल्या तारांवर डी, सी, जी, पाचव्या पडद्यावर तळव्याने दाबून वाजवलेली पॉवर कॉर्ड, आणि बाराव्या पडद्याच्या वर तार ओढून धरलेला एक लांब सूर. ऐकताना मोठा आवाज नेहमी चांगला वाटतो, म्हणून तिन्ही मुद्रणांची पातळी नंतर समान केली. ही शेवटची गोष्ट केली नसती तर जेबी जिंकला असता.

जेबी पहिल्या दिवशी भारावून टाकतो, यात शंका नाही. क्लासिक गेनवर, जिथे प्रोबकरला गेन आठ लागत होता, तिथे जेबीने पाचवरच ॲम्प फोडला. एकल वादनात सूर पुढे झेपावतो, बोटाखाली तार जणू जाड झाल्यासारखी वाटते आणि ओढलेला सूर सुटता सुटत नाही. नव्याचे नऊ दिवस सरले तेव्हा दोन गोष्टी खुपू लागल्या. एक म्हणजे वरच्या मधल्या स्वरांमधली ती टोकदार नाकातली धार, जी एकल वादनात हवीशी वाटते पण पूर्ण कॉर्ड वाजवली की कानाला टोचते. ईएल३४ आधीच मधल्या स्वरांवर भर देतो, त्यात जेबीचे शिखर नेमके त्याच्या जवळ येऊन बसते आणि दोघे मिळून एकच शब्द मोठ्याने उच्चारत राहतात. दुसरी गोष्ट अधिक गंभीर होती. खुल्या तारांवर जी वाजवला की सहा तारांऐवजी एकच जाड पट्टा ऐकू येत असे. तिसरी तार कोणती आणि दुसरी कोणती हे उमगत नसे.

याचे कारण व्हॉल्वमध्ये आहे. पहिल्या ईसीसी८३ च्या ग्रिडला, म्हणजे संकेत आत घेणाऱ्या जाळीला, साधारण दीड व्होल्टचा बायस (ठरवून दिलेला स्थिर दाब) असतो. सौम्य पिकअपचा संकेत त्या मर्यादेच्या बराच आत राहतो. तार जोराने छेडली तरच पुढच्या टप्प्यांवर ताण येतो, आणि हळू छेडली की सगळी साखळी पुन्हा मोकळी होते. या मोकळे होण्याला आणि दाबले जाण्याला वादक ‘ॲम्प हाताला साथ देतो’ असे म्हणतात. जोरदार पिकअपने पहिला टप्पाच मर्यादेजवळ नेला की हळू आणि जोरात यांतले अंतर उगमापाशीच आवळले जाते, आणि एकदा आवळलेले अंतर पुढचे कोणतेही नॉब परत देऊ शकत नाही. एका तारेच्या सुरावर हे आवळणे गोड लागते, कारण तिथे वेगळे ठेवायला दुसरे काही नसते. सहा तारा एकदम गेल्या की त्यांची परस्परांतली बेरीज-वजाबाकी होऊन नवेच, कोणीही न वाजवलेले सूर तयार होतात आणि आवाजाचा लगदा होतो.

जेबीवर अन्याय होऊ नये म्हणून त्याला दिलेल्या सवलतीही सांगतो. लेस पॉलवर सहसा ५०० किलोओमचे व्हॉल्यूम नॉब असते. ते काढून २५० चे बसवले की शिखराची उंची कमी होते आणि नाकातली धार बरीच निवते. हा उपाय मी केला आणि तो खरोखर चालतो. पिकअप तारांपासून थोडा खाली उतरवला, त्यानेही मोकळेपणा आला. एवढे केल्यावर जेबी डीएसएल२० समोर चांगला वाजू लागला, परंतु तेव्हा माझ्या लक्षात आले की मी विकत घेतलेली ताकद एकेक करून काढून टाकतो आहे. ज्यांचा ॲम्प स्वभावाने कमी गेनचा आहे, उदाहरणार्थ दोन ईएल८४ वर चालणारा पंधरा वॉटचा व्हॉक्स एसी१५ किंवा फेंडरचा ब्लूज ज्युनियर, त्यांनी जेबी जरूर विचारात घ्यावा. एका मित्राच्या एसी१५ वर मी तोच पिकअप वाजवला तेव्हा तो वेगळाच माणूस वाटला: ॲम्पचा वरचा चमकदार भाग जेबीने ताब्यात ठेवला आणि ॲम्पनेही त्याच्या धक्क्याचे स्वागत केले.

आता फिफ्टीनाइन. ब्रिजचा रोध सुमारे ८ किलोओम, चुंबक अल्निको ५, मेणात मुरवलेला, आणि घडण जुन्या पीएएफच्या वळणाची. कागदावर तो प्रोबकरपासून फार दूर नाही आणि म्हणूनच मला तो घेताना शंका होती. फरक चुंबकात निघाला. अल्निको ५ हा अल्निको २ पेक्षा बलवान. त्याने तळाचा भाग आवरला, वरचा भाग उघडला, आणि मधला भाग थोडा मागे सरकवला. पिकअप जिथे मागे सरकतो तिथेच ईएल३४ पुढे येतो. जोडी जमणे म्हणजे काय हे मला त्या संध्याकाळी कानाने कळले. क्लासिक गेन आठवर, बास चार, मिडल सहा, ट्रेबल पाच, प्रेझेन्स चार. डी, सी, जी वाजवले आणि जीमधल्या सहाही तारा एकामागून एक मोजता आल्या, तरी एकूण आवाजात मार्शलचा गुरगुराट पुरेपूर होता. पाचव्या पडद्यावर तळव्याने दाबलेली कॉर्ड ठक्कन सुरू झाली आणि ठक्कन थांबली. ज्या घट्टपणासाठी मी दुप्पट रोधाचा पिकअप घेतला होता तो निम्म्या रोधाच्या पिकअपमध्ये मिळाला.

अल्ट्रा गेनवरही निकाल बदलला नाही. जेबीला गेन साडेतीन पुरत होता, फिफ्टीनाइनला पाच लागला. दोन्ही मुद्रणे समान पातळीवर ऐकवली तेव्हा बँडमधल्या तिघांपैकी तिघांनीही फिफ्टीनाइनचे मुद्रण ‘जास्त जड’ म्हणून निवडले. पाच आणि साडेतीन यांतला फरक ॲम्पच्या नॉबवर फुकट मिळतो. पिकअपमधून तो विकत घेण्याचे कारण नाही.

पण मला फिफ्टीनाइनशी बांधून ठेवणारी गोष्ट दुसरीच आहे, ती म्हणजे गिटारवरचे व्हॉल्यूमचे नॉब. ॲम्प क्रंचवर ठेवून गिटारचे नॉब दहावरून सहावर आणले की आवाज लहान होण्याऐवजी स्वच्छ होतो. कडव्याला सहा, ध्रुवपदाला आठ, एकल वादनाला दहा. पायाजवळचा स्विच न दाबता एका करंगळीने तीन आवाज मिळतात. जेबीवर सहाला आवाज स्वच्छ होत नव्हता, तीनला होत होता आणि तिथे तो मंदही झालेला असे. साध्या जोडणीत नॉब खाली आणताना वरचे स्वर आधी गळतात आणि आवाजावर पांघरूण पडल्यासारखे वाटते. त्यावर दोन उपाय आहेत. एक, टोनचा कपॅसिटर व्हॉल्यूमच्या नॉबच्या बाहेर जाणाऱ्या टोकाला जोडणे, म्हणजे पन्नासच्या दशकातली मूळ जोडणी; दुसरा, नॉबच्या दोन टोकांमध्ये एक छोटा कपॅसिटर आणि रोध बसवणे. मी पहिला निवडला, कारण त्यात कोणताही सुटा भाग लागत नाही, एक तार एका टोकावरून उचलून दुसऱ्यावर टाकायची असते.

झाळकामाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण माझी सर्वांत मोठी अडचण तिथेच आली. जेबी मी एका दुकानात बसवून घेतला होता. घरी आल्यावर ब्रिजचा पिकअप एकटा उत्तम, नेकचा (गिटारच्या मानेजवळचा) एकटा उत्तम, पण स्विच मधे केला की आवाज पातळ, पोकळ, बादलीतून आल्यासारखा. दुकानातून सांगण्यात आले की या पिकअपचा तोच स्वभाव आहे. ते बरोबर नव्हते. दोन पिकअपची कला, म्हणजे फेज, उलट झाली होती: एकाचा संकेत वर जाताना दुसऱ्याचा खाली जात होता आणि दोघे मिळून तळाचे स्वर पुसून टाकत होते. वेगवेगळ्या कंपन्यांचे पिकअप एकत्र बसवले की हे नेहमी घडू शकते. डंकनच्या चार तारांच्या पिकअपमध्ये काळी तार संकेताची, हिरवी जमिनीची (ग्राउंडची), लाल आणि पांढरी एकमेकींना जोडून झाकायच्या, आणि उघडी तार जमिनीला. कला उलट असेल तर काळी आणि हिरवी यांची अदलाबदल करायची. उघडी तार मात्र जिथल्या तिथे राहू द्यायची, कारण ती धातूच्या तळाला आणि आवरणाला जोडलेली असते आणि ती हलवली तर पूर्ण पिकअपच गुरगुरू लागतो.

पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून बारीक टोकाची सोल्डरिंग गन आणि झाळण्याची तार आणली, आणि हे काम स्वतः केले. नॉबच्या पाठीवर तार झाळताना घाई नडते. आधी ती पाठ बारीक पॉलिशपेपरने घासून चकचकीत करावी, टोक तिच्यावर टेकवून चारपाच सेकंद धातू तापू द्यावा आणि मग झाळ सोडावी. ती पाण्यासारखी पसरून चमकली तर जोड पक्का, आणि राखाडी गोळी होऊन बसली तर तो पुन्हा करावा. चाळीस मिनिटांत अदलाबदल झाली, स्विच मधे केला, आणि तो मधला आवाज प्रथमच भरलेला ऐकू आला. फिफ्टीनाइन नंतर मीच बसवला.

पिकअप बदलण्याआधी प्रत्येकाने ज्या स्क्रूना हात लावायला हवा ते उंचीचे दोन स्क्रू. शेवटच्या पडद्यावर तार दाबून धरायची आणि पिकअपपासून तारेचे अंतर मोजायचे. ब्रिजला सुमारे १.६ मिलिमीटर आणि नेकला २.४ ही गिब्सनची रूढ मापे आहेत आणि सुरुवात तिथून करावी. माझा फिफ्टीनाइन आता जाड तारेखाली २.२ वर आणि बारीक तारेखाली १.८ वर आहे. अर्धा फेरा फिरवायचा, तीच कॉर्ड वाजवायची, पुन्हा अर्धा फेरा. जवळ गेला की आवाज आक्रमक होतो आणि आवळतो, दूर गेला की हवा खेळते. प्रोबकरवर हा प्रयोग मी आधी केला असता तर त्याचा ढिला तळ कितीतरी आवरता आला असता, हे आज प्रांजळपणे सांगतो.

नेकला फिफ्टीनाइनचाच सौम्य भाऊ आहे, साडेसात किलोओमच्या आतबाहेरचा. लेस पॉलचा नेक आणि व्हॉल्व ॲम्प यांचे जमवणे ब्रिजपेक्षा अवघड असते, कारण तिथे तारेचा झोका मोठा आणि तळाचे स्वर भरपूर. माझा उपाय असा: पूर्ण पिकअप खाली उतरवायचा आणि सहा स्क्रू थोडे वर काढायचे. त्यामुळे स्क्रूंच्या बाजूचे वेटोळे अधिक ऐकू येते, आवाजाला कडा येतात आणि रेझोनन्सचे नॉब पाचवर ठेवले तरी गदगद होत नाही.

सिंगल कॉइलच्या, म्हणजे एकाच वेटोळ्याच्या पिकअपच्या, गिटारवाल्यांनी हे वाचून आपण बाहेर राहिलो असे समजू नये. स्ट्रॅटोकास्टर आणि मार्शल ही जोडी हेंड्रिक्स आणि रिची ब्लॅकमोर यांनी रॉकच्या मध्यभागी नेऊन ठेवली आहे, आणि ती सिंगल कॉइलवरच. डीएसएल२० समोर स्ट्रॅटला क्लासिक गेन नऊ आणि ट्रेबल चारच्या खाली द्यावा. वीजपुरवठ्याची ५० हर्ट्झची आणि तिच्या पटींची गुरगुर मात्र गेनसोबत वाढतेच, तेव्हा ट्रान्सफॉर्मर, ट्यूबलाइट आणि पंख्याचा रेग्युलेटर यांच्यापासून दूर, अंग थोडे वळवून उभे राहावे.

घरी वाजवणाऱ्यांनी १० वॉटच्या स्विचवर फार भिस्त ठेवू नये. सेव्हंटी-८० सारखा स्पीकर एका वॉटला एक मीटरवर सुमारे ९८ डेसिबल देतो. १० वॉटला ते १०८ होतात आणि २० वॉटला १११. फरक फक्त तीन डेसिबलचा आहे, आणि १०८ डेसिबल कोणत्याही सोसायटीत शेजाऱ्यांच्या जेवणाच्या टेबलापर्यंत पोहोचतात. घरात मी गेन वर आणि चॅनेलचा व्हॉल्यूम एकच्या आसपास ठेवतो. त्या पातळीवर आधीच्या टप्प्यांचा क्रंच मिळतो, ईएल३४ चा दाब मिळत नाही, आणि या दोघांतला फरक रियाजाच्या खोलीत व्हॉल्यूम चारवर नेला की पोटात जाणवतो. घरातल्या पातळीवर जेबी आणि फिफ्टीनाइन यांचा निवाडा करू नये. तिथे जेबी नेहमीच सरस वाटेल.

स्पीकर हा या ॲम्पमधला सर्वांत कच्चा दुवा आहे. सेव्हंटी-८० वाईट नाही, पण त्याचे वरचे स्वर थोडे ठिसूळ आहेत आणि प्रेझेन्स पाचच्या वर गेले की ते उघडे पडतात. पिकअप बदलण्याचा खर्च आणि चांगला स्पीकर घालण्याचा खर्च जवळपास सारखा आहे. आज नव्याने सुरुवात करायची असती तर मी प्रोबकर उंची नीट लावून तसाच ठेवला असता, त्याच्या जागी पैसे स्पीकरवर घातले असते, आणि फिफ्टीनाइन दुसऱ्या वर्षी घेतला असता.

ॲम्प आहे तोवर काही गोष्टी पाळाव्यात. स्पीकर जोडलेला नसताना तो कधीही सुरू करू नये, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आत शेकडो व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही कपॅसिटर ते धरून ठेवतात, तेव्हा व्हॉल्वची जोडी बदलणे आणि बायस तपासणे जाणकार तंत्रज्ञाकडेच द्यावे. जुन्या वाड्यात किंवा मांडवात वाजवायचे असेल तर आधी अर्थिंग तपासावे. गिटारच्या तारा ॲम्पच्या जमिनीला जोडलेल्या असतात आणि ओल्या पायांनी माइकला ओठ लागला तर झटका बसू शकतो. मी एक छोटा सॉकेट टेस्टर केबलच्या पिशवीतच ठेवतो, आणि ॲम्पची पिन त्याच्या दिव्यांकडे पाहूनच आत जाते.